कोलंबस की पिओरिया? इंजिनांच्या दोन गावांतून एक निवडताना

पुण्यातल्या मेकॅनिकल इंजिनिअरला अमेरिकेतल्या नोकरीचं पत्र आलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्क, न्यू जर्सी नाहीतर कॅलिफोर्निया येतं. इंजिन हाच ज्याचा विषय, त्याच्या पत्रावर मात्र बऱ्याचदा इंडियानातलं कोलंबस किंवा इलिनॉयमधलं पिओरिया असतं. पहिलं कमिन्स या इंजिन कंपनीचं गाव, दुसरं कॅटरपिलर या अवजड यंत्रांच्या कंपनीचं. दोन्ही मिडवेस्टमधली, दोन्हींभोवती मका आणि सोयाबीनची शेतं, दोन्हींचा संसार पिढ्यान्‌पिढ्या डिझेल इंजिनावर चाललेला. नकाशावर सारखी वाटणारी ही गावं राहायला गेल्यावर फार वेगळी निघतात. दोन्हींतून एक निवडायची वेळ आली, तर पगाराच्या आकड्याआधी एक गोष्ट तपासावी असं मी आग्रहाने सांगेन: उद्या कंपनीने हात आखडता घेतला तर गावाकडे स्वतःचं काय उरतं?

कोलंबसबद्दल एक खुलासा आधीच केलेला बरा. ओहायो राज्याची राजधानीही कोलंबसच आहे आणि ते नऊ लाखांहून मोठ्या वस्तीचं शहर आहे. आपलं कोलंबस इंडियानातलं, जेमतेम पन्नास हजारांचं. विमानाचं तिकीट इंडियानापोलिसचं काढायचं, तिथून दक्षिणेला गाडीने साधारण एक तास. पिओरियाची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत एक लाख तेरा हजारांच्या आसपास होती आणि आजूबाजूची गावं धरली तर चार लाखांवर जाते. त्याला स्वतःचा विमानतळ आहे, पण शिकागो गाडीने पावणेतीन तासांवर आणि प्रवासी रेल्वे नाही. गाडी चालवता येत नसेल तर दोन्हीकडे अडचण होईल.

कोलंबसची कथा एका बँकरपासून सुरू होते. अर्विन घराण्याकडे क्लेसी कमिन्स नावाचा मेकॅनिक गाडी चालवायला आणि सांभाळायला होता. त्याच्या डिझेल इंजिनाच्या वेडावर विल्यम अर्विन यांनी पैसे लावले आणि 1919 मध्ये कंपनी उभी राहिली. तिला पहिला नफा दिसायला 1937 उजाडलं. अठरा वर्षं तोटा सोसणारा सावकार घरचाच असावा लागतो. शेअर बाजारावर विसंबलेली कंपनी इतकी वाट बघू शकली नसती. पुढे याच घराण्यातले जे. अर्विन मिलर यांनी कंपनी वाढवली आणि गावही घडवलं. युद्धानंतर मुलं वाढली, शाळा कमी पडू लागल्या आणि घाईने सुमार इमारती उभ्या राहू लागल्या. तेव्हा कमिन्स फाउंडेशनने शाळा मंडळापुढे प्रस्ताव ठेवला: आम्ही देतो त्या यादीतला वास्तुविशारद निवडा, त्याची फी आम्ही भरू, बांधकामाचा खर्च तुमचा. 1957 मध्ये हॅरी वीझ यांची पहिली शाळा बांधून झाली. मग अग्निशमन केंद्रं आणि इतर सार्वजनिक इमारतीही या योजनेत आल्या. एलिएल सारिनेन यांचं चर्च 1942 पासून गावात होतंच. त्यांचे पुत्र एरो यांनी मिलर यांचं घर आणि षट्कोनी नॉर्थ ख्रिश्चन चर्च बांधलं. 1969 मध्ये आय. एम. पे यांचं ग्रंथालय झालं, त्यासमोर शिल्पकार हेन्री मूर यांची भव्य ब्राँझची कमान आहे.

नोकरीच्या चर्चेत या इमारतींचं काय काम, असं कुणी विचारेल. माझ्या मते कोलंबसच्या अर्थव्यवस्थेचं मर्मच इथे आहे. चांगला इंजिनिअर शेतांच्या मधोमध वसलेल्या गावात का येईल, हा मिलर यांच्यापुढचा रोकडा प्रश्न होता. उत्तम शाळा, उत्तम ग्रंथालय, चालत जाता येईल असा बाजारचौक हे त्यांचं उत्तर. मुख्यालय आजही गावाच्या मध्यभागी आहे. वर्षाला चौतीस अब्ज डॉलरच्या आसपास उलाढाल असणाऱ्या कंपनीचे वरिष्ठ अधिकारी ज्या शाळेत मुलं घालतात, त्याच शाळा-जिल्ह्यात, म्हणजे एका मंडळाखालच्या सरकारी शाळांत, नव्याने आलेला इंजिनिअरही घालतो, कारण शहराला मुळात तो एकच जिल्हा आहे. घर कुठल्या गल्लीत घ्यावं याची डोकेदुखी त्यामुळे निम्मी होते.

पिओरियाचं वय आणि अनुभव दोन्ही जास्त. इलिनॉय नदीकाठच्या या गावाने एकोणिसाव्या शतकात मका आणि चांगल्या पाण्याच्या जोरावर व्हिस्कीचा प्रचंड धंदा केला. दारूबंदीने तो मोडला. बंदी उठल्यावर उभी राहिलेली मोठी डिस्टिलरी 1981 मध्ये बंद पडली. दरम्यान कॅलिफोर्नियाच्या होल्ट कंपनीने 1909 मध्ये पलीकडच्या तीरावर, ईस्ट पिओरियात, एक बुडालेला ट्रॅक्टर कारखाना विकत घेतला. 1925 मध्ये होल्ट आणि बेस्ट या दोन ट्रॅक्टर कंपन्या एकत्र येऊन कॅटरपिलर झाली आणि काही वर्षांत मुख्यालयही पिओरियात आलं.

त्यानंतरचा इतिहास नोकरीला जाणाऱ्याने नीट वाचावा. 1982 मध्ये कॅटरपिलरला अर्धशतकात पहिल्यांदा तोटा झाला आणि त्याच वर्षी सुरू झालेला संप 205 दिवस चालला. नव्वदच्या दशकात आणखी दोन मोठे संप झाले. 2015 मध्ये कंपनीने पिओरियाच्या मध्यवस्तीत भव्य नवं मुख्यालय बांधण्याची घोषणा केली. 2017 च्या सुरुवातीला ती मागे घेऊन मुख्यालय शिकागोच्या उपनगरात, डिअरफिल्डला नेलं. 2022 मध्ये तेही टेक्सासातल्या अर्व्हिंगला हलवायचं जाहीर केलं. कारखाने आणि संशोधन गेलं नाही. पट्ट्यांवर चालणारे मोठे ट्रॅक्टर ईस्ट पिओरियात बनतात, मॉसव्हिलला इंजिनं आणि तंत्रज्ञान केंद्र आहे, हजारो लोक आजही तिथे कामाला जातात. पण निर्णय घेणारी माणसं गावात राहत नाहीत. शाळेचा कर वाढवायचा का, नदीकाठचा रस्ता सुधारायचा का, या प्रश्नांत कंपनीच्या मोठ्या साहेबाचा स्वतःचा जीव गुंतलेला असणं वेगळं आणि हजाराहून जास्त किलोमीटरवरून अर्थसाहाय्याचा चेक येणं वेगळं.

तरीही पिओरियाला हताश शहर समजणं चूक ठरेल. तिथली अमेरिकी कृषी खात्याची प्रयोगशाळा घ्या. 1941 च्या उन्हाळ्यात हॉवर्ड फ्लोरी आणि नॉर्मन हीटली हे शास्त्रज्ञ इंग्लंडहून पेनिसिलिनची बुरशी घेऊन इथे आले. मक्यापासून स्टार्च काढताना मागे राहणारा चिकट द्राव बुरशीच्या खाद्यात मिसळला आणि उत्पादन कित्येक पटींनी वाढलं. 1943 मध्ये पिओरियाच्याच बाजारातल्या एका खरबुजावर त्याहून जोमदार बुरशी सापडली, आणि जगभरच्या कारखान्यांत पेनिसिलिन तिच्या वंशजांपासून बनू लागलं. ही प्रयोगशाळा पुढेही चालू राहिली. ओएसएफ ही मोठी रुग्णालय संस्था इथलीच. तिने गावातल्या एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीची डागडुजी करून आपलं मुख्यालय तिथे आणलं. शिवाय इलिनॉय विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाची शाखा आणि 1897 मध्ये लिडिया मॉस ब्रॅडली यांनी स्थापन केलेलं ब्रॅडली विद्यापीठ आहे. मुख्यालय गेल्याचा घाव या शहराने सोसला आहे आणि रुग्णालयांच्या आधाराने ते उभं आहे. कोलंबसवर अशी वेळ आलेली नाही, आणि आली तर पन्नास हजारांच्या गावाकडे टेकायला त्या तोडीचा दुसरा खांब नाही, हे मला स्पष्ट दिसतं.

घर आणि कर

देशातल्या सर्वांत स्वस्त घरांच्या शहरांत पिओरियाचं नाव वारंवार येतं. कोलंबसमध्ये कंपनीच्या भरतीमुळे भाडी आणि किमती गावाच्या मानाने चढ्या राहतात. मात्र इथेच गणित संपवू नका. इलिनॉयमधला मालमत्ता कर देशातल्या सर्वाधिक करांत मोडतो, तर इंडियानाने राहत्या घराच्या कराला मूल्यांकनाच्या 1 टक्क्याची मर्यादा राज्यघटनेतच घातली आहे. शाळेसाठी लोकांनी मतदानाने वाढवून घेतलेला कर तेवढा त्याबाहेर. इलिनॉयचा आयकर सरसकट 4.95 टक्के. इंडियानाचा 3 टक्क्यांच्या आसपास, पण त्यावर काउंटीचा, म्हणजे स्थानिक प्रशासनाचा, वेगळा आयकर लागतो, तो धरायला विसरू नका. घर घेऊन दहा वर्षं राहायचं असेल तर स्वस्त घराचा बराचसा फायदा पिओरियात करातून परत जातो.

पिओरियात घराची जागा शाळेवरून ठरते. कंपनीत काम करणारी कुटुंबं, त्यात पुष्कळशी भारतीय, उत्तरेकडच्या डनलॅप शाळा-जिल्ह्यात राहणं पसंत करतात. नदीलगतच्या दक्षिण भागातली गरिबी फार खोल आहे, आणि शाळांचा पैसा मुख्यत्वे स्थानिक मालमत्ता करातून येत असल्याने ही दरी वर्गापर्यंत पोहोचते. कोलंबसमध्ये घर बघताना वेगळी गोष्ट तपासा: पूररेषा. जून 2008 च्या पुरात तिथलं रुग्णालय रिकामं करावं लागलं आणि ते महिनोन्‌महिने बंद होतं. कमिन्सच्या तंत्रज्ञान केंद्रातही पाणी शिरलं. ओढा लहान दिसतो म्हणून विमा टाळू नका.

थंडी दोन्हीकडे आहे, पिओरियात अंमळ जास्त.

नोकरी गेली तर

व्हिसावर असलेल्या माणसाने हा भाग दोनदा वाचावा. पुण्याहून कंपनीच्या अंतर्गत बदलीने, म्हणजे एल-1 वर, गेलात तर त्या व्हिसावर दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही. एच-1बी वर नोकरी गेली तर नवी शोधायला सामान्यतः जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. म्हणून तासाभराच्या टापूत दुसरं कोण नोकरी देतं, हे घर घेण्याआधी पाहायला हवं. कोलंबसमध्ये टोयोटाचा फोर्कलिफ्टचा मोठा कारखाना आहे, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या आहेत, ग्रीन्सबर्गला होंडा आहे. इंडियानापोलिसमध्ये ॲलिसन ट्रान्समिशन, रोल्स-रॉइसचा विमान इंजिनांचा कारखाना आणि एली लिली ही औषध कंपनी आहे. पिओरियात कोमात्सु खाणींचे महाकाय ट्रक बनवते, म्हणजे कॅटरपिलरचा स्पर्धक त्याच गावात आहे. जवळच्या नॉर्मल या गावी रिव्हियनचा इलेक्ट्रिक गाड्यांचा कारखाना आणि शेजारच्या ब्लूमिंग्टनला स्टेट फार्म ही विमा कंपनी आहे. त्यापलीकडे मात्र शिकागोपर्यंत बरंच अंतर कापावं लागतं.

जोडीदाराचं काय, हा प्रश्न बऱ्याच घरांत शेवटी येतो. तो पहिला यायला हवा. एल-2 वरच्या, म्हणजे एल-1 वर आलेल्याच्या, जोडीदाराला 2021 च्या अखेरपासून वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येतं. एच-4 वर, म्हणजे एच-1बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, मात्र मुख्य अर्जदाराची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचल्याशिवाय सहसा परवानगी मिळत नाही. जोडीदार वैद्यकीय क्षेत्रात किंवा जीवशास्त्रातल्या संशोधनात असेल, तर पिओरियाचं पारडं निःसंशय जड आहे.

मराठी सोबतीचा विचार केला तर कोलंबस पुढे आहे. किर्लोस्कर कमिन्स 1962 मध्ये पुण्यात सुरू झाली, कोथरूडच्या कारखान्याने दोन पिढ्या पोसल्या, पुढे फलटणलाही कारखाने उभे राहिले, आणि पुणे–कोलंबस ही ये-जा जुनी आहे. त्या ऑफिसात मराठी कानावर पडलं तर कुणी मान वळवत नाही. कॅटरपिलरचा भारतातला पसारा मुख्यतः तमिळनाडूत. आपल्याकडे औरंगाबादजवळचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळचा, पर्किन्सचा इंजिन कारखाना तिचा.

मला विचाराल तर शाळकरी मुलं असलेल्या, एका पगारावर सुरुवात करणाऱ्या कुटुंबाने कोलंबस घ्यावं. निर्णय घेणारी माणसं त्याच गावात राहतात आणि इंडियानापोलिस रोज ये-जा करता येईल इतकं जवळ आहे, ही दोन कारणं मला पुरेशी वाटतात. पिओरिया मी डॉक्टर, नर्स किंवा संशोधक जोडीदार असलेल्यांना सुचवेन. सही करण्याआधी भावी साहेबाला विचारा की तुमचा विभाग कोणत्या इंजिनावर काम करतो. डेटा सेंटरच्या जनरेटरची मोठी इंजिनं सध्या जोरात आहेत, पण कॅटरपिलर ती इंडियानातल्या लाफिएटला बनवते आणि कमिन्स कोलंबसच्या दक्षिणेला सिमूरमध्ये. पत्रावर एक गाव आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्या गावी, असं निघालं तर घर कुठे घ्यायचं ते त्यावर ठरवा, आणि पहिलं वर्ष तरी भाड्यानेच राहा.