न्यायालय प्रशासकांची संघटना: सभासद व्हावं का, आणि कुठल्या संघटनेचं?

न्यायालयाच्या प्रशासनाची जबाबदारी अंगावर आली की थोड्याच दिवसांत ध्यानात येतं, या इमारतीत आपल्या कामाचं दुसरं कुणी नाही. न्यायाधीश अनेक असतात, वकील तर कितीतरी, लिपिकवर्गही असतो. पण बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, कसं लावायचं, समन्सची बजावणी कुठे तुंबते, जुन्या फायली कोणत्या क्रमाने बाहेर काढायच्या, दुभाषा ऐन वेळी आला नाही तर साक्षीदाराला परत पाठवायचं का, या सगळ्याचा जाब एकाच माणसाला द्यावा लागतो. वरिष्ठांना विचारावं तर त्यांचा पिंड न्यायनिवाड्याचा. हाताखालच्यांना विचारावं तर ते आपल्याच तोंडाकडे बघत असतात. व्यावसायिक संघटनेचा खरा उपयोग या एकटेपणावर होतो. नियतकालिक, प्रमाणपत्र आणि परिषद यांचा नंबर त्यानंतर लागतो. सभासद व्हायचं की नाही हे ठरवताना हा क्रम सोडू नये.

आधी एक घोळ मिटवू. व्यावसायिक संघटना म्हणजे कर्मचारी संघटना नव्हे. पगार, बढती, बदली, सुट्ट्या यांसाठी ती भांडत नाही, आणि त्या अपेक्षेने वर्गणी भरणारा वर्षभरात नाराज होतो. ती वकील संघासारखीही नाही. न्यायालयाच्या कामाची पद्धत सुधारणं, त्याचे मापदंड ठरवणं आणि आचारसंहिता घालून देणं हे तिचं क्षेत्र.

वर्गणी न भरता काय मिळतं

आमचा पहिला सल्ला थोडा उलटा वाटेल: फुकट मिळणारं साहित्य आधी वापरून पाहा. ते थोडंथोडकं नाही. अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर स्टेट कोर्ट्स या संस्थेने २००५ मध्ये ‘कोर्टूल्स’ नावाचे १० मापदंड प्रसिद्ध केले. निपटाऱ्याचं प्रमाण, निकालापर्यंत लागणारा वेळ, प्रलंबित प्रकरणांचं वय, सुनावणीची तारीख कितपत पाळली जाते, फाइल मागितल्यावर सापडते का, एका प्रकरणामागे खर्च किती, असे ते आहेत. प्रत्येकाची मोजण्याची रीत सोबत दिली आहे. २००८ मध्ये अनेक देशांतल्या संस्थांनी मिळून न्यायालयांच्या गुणवत्तेचा आंतरराष्ट्रीय आराखडा काढला. ७ विभागांत आपलं आपणच मूल्यमापन करायची सोय त्यात आहे. युरोप परिषदेचा न्यायदान कार्यक्षमता आयोग, म्हणजे सेपेज, २००२ पासून काम करतो, आणि त्याचे अहवालही सर्वांना खुले आहेत. ‘इंटरनॅशनल जर्नल फॉर कोर्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ २००८ पासून निघतं आणि ऑनलाइन विनामूल्य वाचता येतं.

हे सगळं घरबसल्या मिळत असताना पैसे कशाला भरायचे? त्याचं उत्तर आकडेमोड करायला बसलं की मिळतं.

समजा, वर्षाच्या सुरुवातीला ७८० प्रकरणं प्रलंबित होती. वर्षभरात १,२०० नवी दाखल झाली, १,०८० निकाली निघाली. शिल्लक राहिली ९००. निपटाऱ्याचं प्रमाण म्हणजे निकाली भागिले दाखल: ९० टक्के. सेपेजच्या सूत्राने निपटाऱ्याचा अंदाजे काळ काढायचा तर शिल्लक भागिले निकाली गुणिले ३६५: साधारण ३०४ दिवस. इथवर पुस्तक पुरतं. आता त्या ९०० पैकी १५० प्रकरणं अशी आहेत की वरच्या न्यायालयाची स्थगिती आहे किंवा आरोपी फरार आहे. ती धरायची की वगळायची? वगळली तर ७५० उरतात आणि तोच काळ सुमारे २५३ दिवसांवर येतो. काम तेच, माणसं तीच, पण केवळ व्याख्येमुळे ५१ दिवसांचा फरक पडला. ‘कोर्टूल्स’ चालू आणि निष्क्रिय प्रकरणं वेगळी ठेवायला सांगतात हे खरं. पण आपल्याकडची दोन पक्षांतली तडजोडीची बोलणी सहा महिने चालली आहेत, ते प्रकरण चालू की निष्क्रिय? स्थगिती उठल्याचं पत्र चार महिन्यांनी पोचलं, तर दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे? हे छापील पानावर नसतं. अशाच कायद्याखाली, अशाच नोंदवह्यांवर काम करणाऱ्या माणसाला ते ठाऊक असतं, आणि तो माणूस संघटनेत भेटतो.

दुसरा धोका त्याहून आतला. पुढच्या वर्षी १,२०० दाखल आणि १,२६० निकाली, म्हणजे १०५ टक्के. अहवालात शाबासकी मिळेल. पण सोपी, ताजी प्रकरणं भराभर निकाली काढली आणि पाच वर्षांपूर्वीची तशीच राहिली, तरीही आकडा हाच येतो. म्हणून प्रलंबित प्रकरणांचं वय सोबत मांडल्याशिवाय निपटाऱ्याचं प्रमाण कुणालाही दाखवू नये. या खड्ड्यात आधी पडलेले लोक ओळखीचे असतील तर त्यांचा एक फोन वाचनापेक्षा लवकर सावध करतो.

जवळची संघटना, देशपातळीची, जागतिक

जवळची म्हणजे आपल्याच प्रांताची किंवा विभागाची. तिथे सगळ्यांना तोच कायदा, तीच परिपत्रकं, बहुधा तीच संगणक प्रणाली. ‘नव्या आवृत्तीत तहकुबीचं कारण नोंदवलं तरी रोजनाम्यात उतरत नाही, तुमच्याकडेही असंच होतं का?’ या प्रश्नाचं उत्तर दुपारपर्यंत मिळतं. रोजच्या अडचणींसाठी याला तोड नाही. उणीव एकच, पण मोठी: अशा संघटना दोन-चार उत्साही माणसांच्या खांद्यावर चालतात. सचिवाची बदली झाली की बैठका थांबतात आणि वर्गणीची पावतीही मिळेनाशी होते. म्हणून अर्ज भरण्याआधी तीन गोष्टी मागून पाहाव्यात: शेवटच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त, मागच्या वर्षाचे तपासलेले हिशोब, आणि कार्यकारिणीची निवडणूक कधी झाली याची तारीख. तिन्हींपैकी दोन सहज मिळाली नाहीत तर थांबावं.

देशपातळीच्या संघटनेचं ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेची नॅशनल असोसिएशन फॉर कोर्ट मॅनेजमेंट. दोन जुन्या संघटना एकत्र येऊन ती १९८५ मध्ये उभी राहिली. तिचं सर्वात मोलाचं काम म्हणजे या पेशाचा अभ्यासक्रम मांडणं: तत्त्व, व्यवहार आणि दृष्टी या तीन गटांत मिळून १३ क्षमता. प्रकरणांचा आणि कामाचा ओघ, मनुष्यबळ, अंदाजपत्रक, नीतिमत्ता, जनसंपर्क, नेतृत्व, धोरणात्मक नियोजन वगैरे त्यांत येतात. कारकुनीतून वर आलेल्या माणसाला आपण कशात कच्चे आहोत हे या यादीवरून तासाभरात कळतं. मात्र तिचं बरंच साहित्य अमेरिकी राज्य न्यायालयं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं. ज्युरी बोलावण्याची व्यवस्था, निवडून येणारे लिपिक या गोष्टी जिथे नाहीत तिथे साहित्यातले ते भाग सरळ सोडून द्यावेत. ‘कोर्टूल्स’मधला ज्युरींचा मापदंडही तसाच.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधली ऑस्ट्रलेशियन इन्स्टिट्यूट ऑफ ज्युडिशियल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन वेगळ्या घडणीची आहे. तिथे न्यायाधीश, प्रशासक, कायद्याचे प्राध्यापक आणि वकील एकाच छताखाली असतात. हा फरक वरवरचा वाटतो, पण तसा नाही. तहकुबी किती वेळा द्यायची हे प्रशासक ठरवू शकत नाही, त्यासाठी न्यायासनावर बसणाऱ्याचं मन वळावं लागतं. तहकुबींचे आकडे न्यायाधीश स्वतः दुसऱ्या न्यायाधीशाच्या तोंडून ऐकतात तेव्हा जो परिणाम होतो, तो प्रशासकाच्या टिपणीने होत नाही. तुमची मुख्य अडचण तारखांवर तारखा पडण्याची असेल तर न्यायाधीशांचाही सहभाग असलेली संघटना निवडा, मग ती लहान असली तरी चालेल.

जागतिक पातळीवर इंटरनॅशनल असोसिएशन फॉर कोर्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन २००४ पासून आहे. तिचा उपयोग प्रसंगापुरता, पण मोठा. कागदी फायलींवरून संगणकीय नोंदींकडे जाणं, नवं विशेष न्यायालय उभं करणं, दूरस्थ सुनावणीची नियमावली लिहिणं अशी उलथापालथ समोर असेल तेव्हा इतर देशांनी केलेल्या चुका आधी समजून घेणं स्वस्त पडतं. रोजच्या कामासाठी मात्र ही संघटना पहिली निवड नव्हे.

काही मंडळांत पैसे भरून प्रवेशच मिळत नाही. अमेरिकेतल्या राज्य न्यायालय प्रशासकांच्या परिषदेत पदामुळे जागा मिळते, पद गेलं की जागा गेली. अशांच्या मागे लागू नये, त्यांची जाहीर टिपणं तेवढी वाचावीत.

प्रमाणपत्र की सभासदत्व

अमेरिकेचे सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी १९६९ मध्ये न्यायालयांना प्रशिक्षित व्यवस्थापक हवेत असा आग्रह धरला आणि १९७० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर कोर्ट मॅनेजमेंट सुरू झाली. तिथे आजही टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्रं आहेत, आणि तिच्या फेलोंनी आपापल्या न्यायालयावर लिहिलेले प्रकल्प वाचनीय आहेत. सभासदत्व आणि असं प्रशिक्षण यांची गल्लत बऱ्याचदा होते, म्हणून दोन्ही शेजारी ठेवू:

| मुद्दा | सभासदत्व | प्रशिक्षण व प्रमाणपत्र |
|---|---|---|
| किती टिकतं | वर्गणी भरेपर्यंत | मिळालं की बहुधा कायम |
| कशासाठी | उद्याची अडचण | पायाभूत समज |
| वेळ | थोडा, पण सतत | ठरावीक दिवस, पूर्ण लक्ष |
| बढतीत वजन | सहसा कमी | नियमांत असेल तर बरंच |
| न वापरल्यास | वर्गणी वाया | ज्ञान शिळं होतं |

बढतीच्या नियमांत प्रमाणपत्राला गुण असतील तर आधी अभ्यासक्रम करा. नसतील आणि दोन्हींसाठी पैसे नसतील, तर आमच्या मते सभासदत्व घ्यावं, कारण अभ्यासक्रमातून शिक्षकाला तेव्हा जे ठाऊक होतं तेच मिळतं.

खर्च नेमका कुठे होतो

वर्गणी हा खर्चाचा लहान भाग. मोठा भाग परिषदेचा: नोंदणी, प्रवास, मुक्काम, आणि कुणी धरत नाही तो चौथा, म्हणजे तेवढे दिवस खुर्ची रिकामी राहण्याचा. त्या दिवसांत बोर्डाला अंतिम मंजुरी कोण देणार, आकस्मिक अर्ज कुणाकडे जाणार, हे जाण्यापूर्वी लेखी ठरवावं. जाताना तीन प्रश्न लिहून न्यावेत आणि त्यांना धरूनच सत्रं निवडावीत. परतल्यावर १५ दिवसांच्या आत दोन पानांचं टिपण सगळ्या विभागांना द्यावं: काय ऐकलं, आपल्याकडे काय लागू पडतं, कुणाशी संपर्क ठेवायचा. हे टिपण लिहिलं गेलं नाही तर परिषदेचा फायदा एका माणसापुरता राहतो.

वर्गणीचं वर्ष नीट वाचा. काही संघटनांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, आणि ऑक्टोबरमध्ये पूर्ण रक्कम भरली तर हातात तीनच महिने येतात. सभासदत्व व्यक्तीच्या नावे आहे की पदाच्या, हेही विचारा. न्यायालयाने पैसे भरले आणि नोंद व्यक्तीच्या नावे असली, तर बदलीबरोबर सभासदत्वही दुसरीकडे जातं. पदाच्या नावे असेल तर नोंदीतला इमेल कार्यालयाचा द्यावा, नाहीतर निवृत्त झालेल्या माणसाच्या खात्यात दोन वर्षं पत्रं येत राहतात.

जपायच्या तीन गोष्टी

परिषदांना पुष्कळदा संगणक प्रणाली विकणाऱ्या कंपन्यांचं प्रायोजकत्व असतं. प्रात्यक्षिक जरूर पाहावं, कारण दहा कंपन्या एका दिवसात शेजारी शेजारी पाहायला मिळणं एरवी दुर्मिळ. पण ज्याच्या न्यायालयाची निविदा चालू आहे किंवा निघायची आहे त्याने त्या कंपनीचं जेवणही घेऊ नये. पुढे निविदेवर आक्षेप आला की तेच जेवण पुरावा म्हणून पुढे येतं.

सभासदांच्या चर्चेत सल्ला विचारताना चालू प्रकरणाचा क्रमांक, पक्षकारांची नावं, न्यायाधीशांचं नाव काहीही जाऊ देऊ नये. ‘एका प्रकरणात मुद्देमालाच्या पिशवीवरचं सील तुटलेलं आढळलं, नोंद कशी करावी?’ एवढं पुरेसं असतं. तारीख आणि गाव जोडलं की ओळख पटते, आणि तो मजकूर उद्या उलटतपासणीत वाचून दाखवला जाऊ शकतो.

तिसरं म्हणजे परवानगी. काही संघटना कायदे बदलावेत म्हणून सरकारकडे निवेदनं देतात. न्यायालयाच्या नोकरीत अशा निवेदनावर सही चालते का, हे सेवानियमांत पाहून प्रमुख न्यायाधीशांची लेखी संमती आधी घ्यावी. नुसतं सभासद असण्याला सहसा कुणाची हरकत नसते. अडचण पदाधिकारी झाल्यावर येते, कारण तेव्हा निवेदनाखाली नाव तुमचं असतं.

ठरवायचं कसं

तीन महिने एक वही ठेवा. रोज अडलेली एक गोष्ट तिच्यात लिहा, आणि पुढे तीनपैकी एक खूण करा: पुस्तकात सापडेल, शिकावं लागेल, कुणाला तरी विचारावं लागेल. पहिल्या खुणा जास्त असतील तर फुकटचं साहित्य पुरे आहे. दुसऱ्या जास्त असतील तर अभ्यासक्रम घ्या. तिसऱ्या जास्त असतील तर सभासद व्हा. त्यांतल्या बहुतेक अडचणी आपल्याच कायद्याच्या आणि परिपत्रकांच्या असतील तर जवळची संघटना, नव्या व्यवस्थेच्या असतील तर मोठी.

मंजुरीसाठी प्रमुख न्यायाधीशांपुढे जे एक पान ठेवायचं, त्यात याच वहीतल्या पाच नोंदी असाव्यात, सोबत वर्षाचा एकूण खर्च आणि परिषदेचे दिवस. ‘व्यावसायिक विकासासाठी’ असं मोघम लिहिलेली टिपणी परत येते.

वही वर्षभर चालू ठेवा. नूतनीकरणाचं पत्र आलं की तिच्यात किती प्रश्न संघटनेतल्या माणसांमुळे सुटले ते मोजा. तीनही नसतील तर पुढच्या वर्षीची वर्गणी दुसऱ्या संघटनेला द्या.