‘गॅस गेलाय’ म्हटल्यावर: फ्रिज दुरुस्त करायचा की बदलायचा?

एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपलीकडे गेला की गल्लीतला कुणाचा ना कुणाचा फ्रिज मान टाकतोच. मेकॅनिक येतो, कॉम्प्रेसरला हात लावून बघतो आणि म्हणतो, “गॅस गेलाय.” लगेच घरात दोन पक्ष. एक म्हणतो, भरून घ्या आणि विषय मिटवा. दुसरा म्हणतो, किती वर्षं ओढायचा हा डबा, संध्याकाळी नवी पेठेतल्या दुकानांत चक्कर मारू.

आमच्याकडे हा वाद तीन उन्हाळे चालला, कारण तिन्ही उन्हाळ्यांत आम्ही गॅस भरला. पहिल्या वेळी फ्रिज वर्षभर चालला, दुसऱ्या वेळी सात महिने, तिसऱ्या वेळी आंब्यांचा हंगामही निघाला नाही. चौथा माणूस आला त्याने गॅसच्या बाटलीला हातच लावला नाही. फ्रीझरच्या पत्र्यावर साबणाचा फेस लावला आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारे बुडबुडे दाखवले. बर्फ खरवडताना सुरी लागली होती. ती कुणाच्या हातात होती, यावर घरात आजही कुणी बोलत नाही.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी उलट विचारतो: दोष नळीच्या आतला की बाहेरचा? कॉम्प्रेसर, कॉइल, केशनळी (केसासारखी बारीक नळी) आणि त्यांतून फिरणारा गॅस हे सगळं बंद वर्तुळ, म्हणजे आतलं. रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग), थर्मोस्टॅट (थंडी राखणारा स्विच), पंखा, हीटर, दाराचं रबर हे बाहेरचं. बाहेरचा दोष असेल तर बारा वर्षांचा फ्रिजसुद्धा दुरुस्त करावा, खर्च शेकड्यांत राहतो. आतला असेल तरच ‘दुरुस्ती की नवा’ हा प्रश्न खरा.

बिघाड की सोलापूरचा उन्हाळा?

फ्रिजच्या मागे किंवा आत एक छोटं लेबल असतं, त्यावर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. ‘एसटी’ म्हणजे 38 अंशांपर्यंतच्या हवेसाठी, ‘टी’ म्हणजे 43 पर्यंत. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात मे महिन्याच्या दुपारी काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. एसटी वर्गाचा फ्रिज तिथे दिवसभर न थांबता चालला तर त्याला आजारी म्हणू नका. नवा घेणार असाल तर दुकानात रंग आणि तारे बघण्याआधी हे अक्षर बघा. विक्रेता ते आपणहून दाखवेल, अशी आशा धरू नका.

मोजायचं असेल तर ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवून रात्रभर मधल्या फळीवर राहू द्या. सकाळी 3 ते 5 अंश दिसले तर खालचा भाग ठीक आहे. फ्रीझर उणे 18 च्या आसपास हवा. दुपारी कोमट पाण्याच्या बारा बाटल्या एकदम भरून संध्याकाळी ‘थंड होत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

दोन्ही बाजूंचे पत्रे गरम लागतात म्हणून घाबरणारे पुष्कळ. हल्लीच्या बहुतेक फ्रिजमध्ये उष्णता बाहेर टाकणारी नळी बाजूच्या भिंतींत दडवलेली असते, त्यामुळे ते गरम लागायलाच हवेत. काळजी उलट वेळी करा: कॉम्प्रेसर चालतोय, हाताला थरथर लागतेय, पण बाजू गार. म्हणजे आत गॅस फिरत नाही. जुन्या फ्रिजची काळी जाळी मागे उघडी असते. यंत्रमागाच्या शेडला लागून घर असेल तर तिच्यावर सुताची रुई गोधडीसारखी बसते. प्लग काढून ब्रशने ती साफ केली, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला आणि फ्रिज सुधारला, असं मी दोन घरांत पाहिलंय.

दारात नोट धरून दार लावा. ती सहज सरकून आली तर रबर गेलं. कधी कधी रबर नुसतं वाकलेलं असतं, गरम पाण्याच्या फडक्याने शेकलं की पुन्हा बसतं. दार बंद झाल्यावर आतला दिवा विझतो का, हे बघायला मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून मोबाइल आत ठेवा. जळता राहणारा दिवा म्हणजे आत ठेवलेली शेगडीच.

सिंगल डोअर आणि डबल डोअर: एकच तक्रार, दोन दुखणी

दाराच्या संख्येपेक्षा महत्त्वाचं म्हणजे फ्रिज साधा आहे की फ्रॉस्ट फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणारा. साध्यात बिघडण्यासारखं फार नाही. फ्रीझरचा पत्राच थंड होतो आणि त्याचा गारवा आपोआप खाली उतरतो. कुठल्या तरी एकाच कोपऱ्यात बर्फ जमतो आणि बाकी पत्रा कोरडा, असं असेल तर गॅस कमी आहे. सगळीकडे सारखा बर्फ आहे पण मशीन मध्येच बंद पडून तासन्‌तास उठत नाही, तर थर्मोस्टॅट बघा. तो सुटा मिळतो आणि पटकन बदलता येतो.

फ्रॉस्ट फ्रीमध्ये थंड कॉइल पडद्यामागे असते, पंखा तिचा गारवा खाली ढकलतो आणि तिच्यावर साचलेला बर्फ हीटर दिवसातून एक-दोनदा वितळवतो. इथे सर्वांत जास्त फसवणारी तक्रार म्हणजे ‘वर बर्फ होतोय, खाली दूध नासतंय’. ही ऐकूनही कुणी गॅस म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. अशा वेळी बहुधा हीटर, त्याचा बायमेटल (तापमानावर चालणारा स्विच), फ्यूज, टायमर किंवा कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किट) यांपैकी काहीतरी गेलेलं असतं आणि बर्फाने हवेची वाट बुजलेली असते. नाहीतर पंखाच बंद असतो.

खात्री फुकटात करता येते. सामान शेजारी ठेवा, प्लग काढा, दारं उघडी टाका, खाली जुनी चादर अंथरा आणि चोवीस तास तसंच राहू द्या. पुन्हा लावल्यावर फ्रिज आठवडाभर झकास चालला आणि मग परत तेच रडगाणं सुरू झालं, तर दोष बर्फ वितळवण्याच्या साखळीत आहे. गॅस गेलेला फ्रिज असा आठवडाभर बरा होत नाही.

मेकॅनिकला फ्रीझरमागचा पडदा तुमच्यासमोर उघडायला लावा. पूर्ण कॉइल जाड बर्फात गाडलेली दिसली तर हीटरची साखळी. सुरुवातीच्या दोन-चार वेटोळ्यांवरच पांढरं आणि पुढे कोरडं दिसलं तर गॅस. पाच मिनिटांचं काम आहे. ते टाळणाऱ्याला तुमच्या फ्रिजमध्ये काय बिघडलंय ते कळलेलं नाही.

“कॉम्प्रेसर बसला” आणि “रिले गेला”

दोन्हींचा आवाज एकच: घुर्रर्र, काही सेकंदांनी टक्, मग शांतता. थोड्या वेळाने पुन्हा तेच. कॉम्प्रेसर उठायला बघतो, उठत नाही, आणि ओव्हरलोड नावाचा बचावाचा स्विच त्याची वीज तोडतो. पण न उठण्याचं कारण रिले असू शकतं, कपॅसिटर असू शकतो आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी नुसता कमी व्होल्टेजही असू शकतो. घरात 230 यायला हवेत. सगळ्यांचे कूलर आणि एसी एकदम सुरू झाले की काही भागांत दिवे पिवळे पडतात ते उगाच नाही. म्हणून आधी मीटरने व्होल्टेज, मग रिले, आणि शेवटी कॉम्प्रेसर.

जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला सरळ नव्या कॉम्प्रेसरचा आकडा सांगितला गेला होता. दुसऱ्याने रिले काढून कानाशी हलवला, आत खडखड वाजलं. रिले बदलला, फ्रिज सुरू. दोन बिलांमधला फरक वीसपटीच्या आसपास होता.

वीज गेली आणि लगेच आली तरी असाच टक्-टक् आवाज येतो. नळ्यांमधला दाब सारखा व्हायला तीन-चार मिनिटं लागतात. तेवढं थांबून प्लग लावलात तर कॉम्प्रेसरचं आयुष्य वाढतं.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचं, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणाऱ्याचं, गणित निराळं आहे. तो भिंतीतल्या विजेवर थेट चालत नाही, कार्ड त्याला चालवतं. तो बंद पडला तर आधी कार्डच तपासायला हवं. कुणी ‘साधा कॉम्प्रेसर बसवून देतो’ म्हणालं तर फ्रिज थंड होईल, पण ज्या वीजबचतीसाठी जास्त पैसे मोजले होते ती गेली.

गॅस भरणे आणि गळती काढणे

गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला. त्यामुळे दोन मेकॅनिकांच्या दरांची तुलना करताना आकडा बघू नका, कामं बघा. नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधणार का? नळीतली ओल शोषणारा फिल्टर ड्रायर नवा टाकणार का? नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायला व्हॅक्यूम पंप लावणार, की फ्रिजच्याच कॉम्प्रेसरवर भागवणार? गॅस वजनकाट्यावर मोजून भरणार का? ड्रायर जुनाच ठेवला किंवा व्हॅक्यूम नीट घेतला नाही तर आत ओल राहते, ती केशनळीच्या तोंडाशी गोठते आणि फ्रिज ‘कधी चालतो, कधी नाही’ करत राहतो. मेकॅनिकांच्या भाषेत चोकअप. स्वस्तातल्या चार्जिंगला हे दुखणं बहुतेक वेळा बोनस म्हणून मिळतं. आणि दाबासाठी कुणी वेल्डिंगचा ऑक्सिजन लावू लागला तर त्याला तिथेच थांबवा. आत तेल असतं, स्फोट होतो.

कुठला गॅस, ते कॉम्प्रेसरवर आणि मागच्या लेबलवर लिहिलेलं असतं. आर-134ए असेल तर बहुतेक सगळ्यांना हे काम जमतं. आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन, घरगुती सिलिंडरमधल्या गॅसचा भाऊबंद. तो जेमतेम, शंभर ग्रॅमच्याही आत लागतो, पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फरक पडतो आणि तो पेट घेतो. खिडक्या उघड्या, शेगडी बंद, आणि गॅस पूर्ण बाहेर काढल्याशिवाय ज्योत लावायची नाही. हे न विचारताच सांगणारा माणूस मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा. आर-600एच्या फ्रिजमध्ये 134ए भरून देणारेही आहेत. तसं करू देऊ नका. आणि लेबलवर आर-12 दिसलं तर दुरुस्तीचा विचारच सोडा. तो गॅस देशात 2010 पासून बंद आहे.

गळती दिसणाऱ्या जागी असेल, जोडावर किंवा फ्रीझरच्या पत्र्यावर, तर दुरुस्ती करा. भिंतीतल्या फोममध्ये असेल तर तिथवर हात पोचत नाही. मग आतली नळी सोडून मागे बाहेरून नवी जाळी बसवतात. जमतं ते, पण मी फक्त पाच-सहा वर्षांच्या फ्रिजसाठीच असा खर्च करीन.

कंपनीचा माणूस की ओळखीचा?

आधी वॉरंटी कार्ड शोधा. बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरवर 10 वर्षांची हमी देतात. तिच्यात बहुतेक वेळा कॉम्प्रेसर तेवढा फुकट असतो, गॅस, ड्रायर आणि मजुरी वेगळी. पण ती हमी वाचवायची असेल तर बाहेरच्या माणसाला नळी कापू देऊ नका, नंतर कंपनी हात वर करते. म्हणजे हमी शिल्लक असेल आणि दोष आतला असेल तर कंपनी. इन्व्हर्टर असेल तरीही कंपनी.

बाहेरच्या दोषांसाठी मी ओळखीच्याकडेच जातो. कंपनीचा माणूस अख्खं कार्ड बदलतो, हा त्यातला एक घटक बदलतो. तो सोमवारची वेळ देतो, हा आज रात्री भाकरीच्या वेळेआधी येतो. मात्र लेखी बिल आणि बदललेला सुटा भाग दोघांकडूनही मागून घ्या. हमी असून टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आहे.

नवा घेण्याचा पक्ष

दहा वर्षांपुढचा फ्रिज, फोममधली गळती, तळ गंजलेला, किंवा हमी संपल्यावर जाम झालेला कॉम्प्रेसर. यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या तर मी नव्याच्या बाजूने. ‘नवा वीज वाचवतो’ हे मात्र मोजून घ्या. स्टार लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात. समजा जुना 400 खातो आणि नवा 200, आणि तुमचं शेवटचं युनिट दहा रुपयांना पडतं, तर वर्षाला दोन हजार वाचले. पंधरा हजारांचा फ्रिज नुसत्या विजेवर वसूल व्हायला साडेसात वर्षं. म्हणजे तीन-चारशेच्या रिलेसाठी चालता फ्रिज काढून टाकायला हे कारण पुरत नाही. जुना देताना एक्स्चेंजमध्ये द्या. भंगारवाला दारातच नळी कापतो आणि गॅस गल्लीत सोडतो.

आमच्या फ्रिजचा फ्रीझर-चेंबर बदलला, त्याला आता चौथं वर्ष आहे. फ्रिज थोडा कुरकुरत असेल पण चालत असेल तर काम गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत काढा. जानेवारीत मेकॅनिकला उसंत असते, तो नायट्रोजनचा दाब रात्रभर ठेवून सकाळी काटा बघायला परत येतो. मे महिन्यात त्याच माणसाच्या दाराशी आणखी सहा फ्रिज उभे असतात.