स्टिअरिंग रॅक बूटची लोकल जोडी: रबर चांगलं, मोठ्या क्लिपा मात्र बदला

ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत छोट्या हॅचबॅकसाठी ही जोडी मिळते: दोन बूट (स्टिअरिंग रॅकच्या, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही टोकांवरची घडीची रबरी कव्हरं), दोन मोठ्या तारेच्या क्लिपा, दोन छोट्या. रबर मऊ आहे. घड्या ताणून उजेडाकडे धरल्या तरी पातळ जागा दिसत नाही, आणि छोट्या तोंडाची कड टाय रॉडच्या (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीच्या) खाचेत घट्ट बसते.

दोष मोठ्या क्लिपांत आहे. तार नरम, पीळ दिला की ताण धरत नाही. मुंबईच्या पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की पाणी तिथूनच आत शिरतं आणि रॅकच्या दांड्याला गंज धरतो. त्याऐवजी स्टेनलेसची कान दाबायची पट्टी घ्या. प्लॅस्टिकचा टाय लावू नका, इंजिनच्या उष्णतेने तो कडक होऊन तुटतो.

बूट चढवायला टाय रॉड एंड (दांडीचं चाकाकडचं टोक) काढावाच लागतो. टाय रॉडवर एंड घट्ट धरणारा लॉक नट आधी, एंड चाकाला जोडलेला असतानाच सैल करा आणि आट्यांवर रंगाची खूण करा. एंडच्या बोल्टची स्प्लिट पिन काढून त्याचा नट शेवटच्या दोन-तीन आट्यांवर ठेवा, मग पुलर (एंड ओढून काढायचं हत्यार) लावा. पुलर नसेल तर हातोडा नकलच्या (चाकामागच्या, एंड बसतो त्या भागाच्या) कानावर मारा, बोल्टच्या टोकावर नाही. आटे चेपले की एंड गेलाच. एंड फिरवून काढताना फेरे मोजा, बसवताना तेवढेच द्या.

जुना बूट निघाला की आत नीट बघा. हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये तेल साचलेलं असेल तर रॅकचं सील गेलंय, नव्या बूटने काही होणार नाही. रॅक एंड (टाय रॉडचा रॅककडचा सांधा) हलत असेल तर तोही आताच बदला. तो काढताना लॉक वॉशरची दुमडलेली कड सरळ करा, दुसऱ्या पान्याने रॅकचा दांडा धरून ठेवा, नाहीतर सगळा जोर पिनियनच्या (रॅक हलवणाऱ्या दातेरी चाकाच्या) दातांवर जातो. वॉशर नवीनच घाला.

छोट्या तोंडाला आतून सिलिकॉन ग्रीस लावायला विसरू नका. बाहेरच्या एंडचा नट कसल्यावर पिनचं भोक जुळलं नाही, तर नट पुढेच कसा, मागे सोडू नका. शेवटी व्हील अलाइनमेंट करावीच लागते. तिथे टाय रॉड फिरवतात, ग्रीस नसेल तर बूटही सोबत पिळतो आणि घडीत फाटतो. म्हणून गाडी रॅम्पवरून उतरण्याआधी स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवायला सांगा आणि खालून दोन्ही बूट सरळ आहेत का ते बघा.