बंड्याच्या मणक्याचं ऑपरेशन : सर्जनला दहापैकी दहा, डिस्चार्जला चार

बंड्या आमचा डॅशहाउंड कुत्रा, वय ५. रात्री पाठ वाकवून थरथरत होता, सकाळी मागचे पाय फरफटायला लागले. साताऱ्यात शाहूपुरीतल्या नेहमीच्या डॉक्टरांनी चिमट्यानं मागच्या पायाचं बोट करकचून दाबलं. पाय आखडला. "ते नुसतं रिफ्लेक्सही असतं बाई, तो वळून बघतोय का ते बघा." बंड्या वळला आणि गुरगुरला. म्हणजे खोलवरची वेदना शाबूत. अशात ऑपरेशन केलं तर बहुतेक कुत्री पुन्हा चालतात. ती जाणीव गेली की आशा निम्म्यावर येते. 'चार दिवस इंजेक्शनं देऊन बघू' न म्हणता त्यांनी तिथल्या तिथं पुण्याची चिठ्ठी लिहिली. खरे पाच तारे त्यांनाच.

पुण्याला नेताना त्याला फळीवर चादरीनं बांधून नेलं. एमआरआयमध्ये १२व्या-१३व्या मणक्यांमधली चकती फुटून मज्जारज्जूवर आलेली दिसली. या जातीत चकतीचा गाभा लहान वयातच कडक होतो, एखादी उडी हे फक्त निमित्त ठरते. सर्जननं हेमिलॅमिनेक्टमी केली, म्हणजे मणक्याच्या एका बाजूचं हाड कोरून, खिडकी पाडून, आतला दाब काढला. काढलेला माल मला डबीत दाखवला, ओल्या खडूच्या चुऱ्यासारखा. माणूस कमी बोलतो, पण विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर देतो.

आता तक्रार. एमआरआयचे पैसे वेगळे, हे फोनवर कुणी सांगितलं नाही. ते एक वेळ सोडा. पण घरी सोडताना कागदावर एकच ओळ : 'लघवी दाबून काढावी.' कशी? घरी बंड्याची चादर सारखी ओली, म्हणून आम्हाला वाटलं होतेय की! तो भरलेल्या मूत्राशयाचा नुसता ओघळ होता. शेवटी साताऱ्याच्याच डॉक्टरांनी माझे हात धरून शिकवलं : दोन्ही तळवे मांड्यांच्या पुढं, पोटाच्या दोन्ही बाजूंनी, हळूहळू दाब वाढवायचा, धक्का द्यायचा नाही. दिवसातून तीन-चार वेळा.

पिंजऱ्यातली सक्तीची विश्रांती हे वेगळंच प्रकरण, शेजारपाजारचे मलाच निर्दयी म्हणायचे. आता बंड्या चालतो, वळताना मागून थोडा झोकांडतो. जिना बंद, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा.

पुण्याला जाणार असाल तर जरूर जा, सर्जनचा हात चांगला आहे. फक्त बिल भरण्याआधी नर्सला समोर उभं करून लघवी काढायला शिकून घ्या.