सीएच३४१ए प्रोग्रॅमर, सात महिन्यांनंतर: बोर्ड टिकला, क्लिपने रडवलं

सीएच३४१ए म्हणजे लॅपटॉपच्या बायोसचा (मशीन चालू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा) आयसी वाचणारा-लिहिणारा छोटा बोर्ड, आणि क्लिप म्हणजे तो आयसीच्या पायांना जोडणारा चिमटा. सात महिन्यांत बोर्ड तोच आहे, क्लिप तिसरी. सगळा अनुभव खरं तर एवढ्यातच आला, पण क्लिपबद्दल बोलायचं बरंच आहे.

बायोस अपडेट झाल्यावर लाइट लागते, पंखा दोन सेकंद फिरतो आणि डिस्प्ले येत नाही. अशा लॅपटॉपला सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: मदरबोर्ड बदला. मदरबोर्ड बहुतेक वेळा धडधाकट असतो, आठ पायांच्या एका आयसीतला मजकूर अर्धवट लिहिला गेलेला असतो. तो बाहेरून पुन्हा लिहायला हे चार-पाचशे रुपयांचं यंत्र पुरतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत क्लिपसकट मिळतं. अर्थात आधी फुकटचा उपाय करून बघा. एचपीवर विंडोज आणि बी दाबून धरून पॉवर बटण, डेलवर कंट्रोल आणि एस्केप दाबून धरून चार्जर जोडणे. कंपनीची रिकव्हरी फाइल फॅट३२ पेनड्राइव्हवर हवी. यातही काही हाललं नाही तरच पाठचं झाकण उघडा.

पहिल्या महिन्यात या बोर्डाला दोन तारे दिले होते, ते मागे घेतो. एकच आयसी तीनदा वाचला तर तीन वेगळ्या फाइली येत होत्या आणि खापर बोर्डावर फुटत होतं. दोष सोबत आलेल्या क्लिपचा होता. तिचे दात पितळेच्या पातळ पत्र्याचे, जबडा किंचित तिरका. आयसीवर बसवली की सात पाय लागतात, आठवा हवेत. हात सोडला की वर सरकते. सॉफ्टवेअर मग ‘आयसी सापडला नाही’ म्हणतं, किंवा सगळीकडे एफएफ भरलेली फाइल देतं. एफएफ दिसलं म्हणजे आयसी कोरा, असं समजून लिहायला बसू नका. आधी क्लिप बघा.

तिला वठणीवर आणायचं तर इतकं करावं लागतं. आयसीच्या पायांवर फ्लक्सचा किंवा वार्निशचा थर असतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने काढा. रिबनची लाल तार एक नंबरच्या पायाकडे, म्हणजे आयसीवरच्या ठिपक्याकडे. उलटी लावली तर चार आणि आठ नंबरची अदलाबदल होते, ग्राउंडच्या जागी व्होल्टेज जातं आणि प्रोग्रॅमरवरचा रेग्युलेटर (५ व्होल्टचे ३.३ करणारा भाग) चटका बसेल इतका तापतो. क्लिप दाबून उघडी ठेवा, सरळ वरून खाली आणा, मग सोडा. तिरकी सरकवून बसवली की दात वाकलेच. रिबन लांब असेल तर कापून दहा सेंटिमीटरची करा, त्यानेच अर्ध्या चुका जातात. दुसरी क्लिप हीच स्वस्तातली घेतली, दोन महिन्यांत गेली. तिसरी पोमोना ५२५० आहे. बोर्डाच्या कित्येक पट किंमत, पण बसली की हलत नाही. बोर्डात पैसे वाचवा आणि क्लिपमध्ये घाला. हा सल्ला उलटा वाटतो, मलाही वाटला होता.

वाचण्याआधी चार्जर, मुख्य बॅटरी आणि सीमॉसचा नाणं-सेल (मदरबोर्डवरचा गोल सेल) तिन्ही काढून पॉवर बटण तीस सेकंद दाबून ठेवा. तरीही आयसी सापडत नसेल तर प्रोग्रॅमरचे ३.३ व्होल्ट मदरबोर्डवरचे बाकीचे भाग पिऊन टाकत असतात. मग क्लिपचा नाद सोडून हॉट एअरने (गरम हवेच्या यंत्राने) आयसी उचलायचा. यात क्लिपचा दोष नाही, एवढं तिच्या बाजूने म्हणतो.

तिसऱ्या महिन्यात मल्टिमीटर लावला आणि बोर्डाचा अर्धा तारा कापला. आयसीला वीज ३.३ व्होल्टचीच मिळते, पण सिग्नलच्या तारांवर जवळपास ५ व्होल्ट येतात. विनबॉन्डच्या डेटाशीटप्रमाणे कुठल्याही पायावर पुरवठ्यापेक्षा फक्त ०.४ व्होल्ट जास्त चालतो. बहुतेक आयसी हे सोसतात, पण ‘बहुतेक’वर मदरबोर्ड टांगणीला लावायचा नाही. उपाय असा: सीएच३४१ए चिपचा २८ नंबरचा पाय उचलून रेग्युलेटरच्या ३.३ व्होल्टला जोडा, ९ नंबरचाही तिथेच जोडा. एक बारीक तार, दहा मिनिटं. आयसीचा नंबर मात्र भिंगाने वाचा. विनबॉन्डचा २५क्यू१२८ जेव्ही असेल तर तो ३.३ व्होल्टचा, एफडब्ल्यू असेल तर १.८ चा. मॅक्रोनिक्सचा २५एल म्हणजे ३.३ आणि २५यू म्हणजे १.८. १.८ वाल्याला अडॅप्टर लागतो, आणि स्वस्त क्लिप नि स्वस्त अडॅप्टर ही जोडी माझ्याकडे एकदाही धड चालली नाही.

डंप, म्हणजे आयसीतल्या मजकुराची फाइल, किमान दोनदा घ्या आणि दोन्ही फाइलींचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) जुळतो का बघा. १६ एमबीचा आयसी असेल तर फाइल बरोबर १,६७,७७,२१६ बाइटची हवी. इंटेलच्या लॅपटॉपवर सोळा बाइट सोडून पुढे ५ए ए५ एफ० ०एफ दिसलं तर सुरुवातीचा भाग शाबूत आहे. हा बिघडलेला डंप फेकू नका. मशीनचा सीरियल नंबर, विंडोजची की, बऱ्याच मॉडेलांत लॅनचा मॅक पत्ता त्यातच असतो. कंपनीच्या साइटवरची अपडेट फाइल जशीच्या तशी मारणं ही सगळ्यात नेहमीची चूक. तिच्या पुढे हेडर असतो आणि बहुधा फक्त बायोसचा भाग असतो, मॅनेजमेंट इंजिनचा (इंटेलच्या आतल्या वेगळ्या नियंत्रक प्रोग्रॅमचा) नाही. युईएफआयटूल या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बायोसचा भाग काढा आणि आपल्याच डंपमध्ये त्याच जागी बसवा. दुसऱ्याच्या लॅपटॉपचा डंप मारला तर मशीन उठेलही, पण सीरियल नंबर त्याचा, आणि कधी कधी दर तीस मिनिटांनी आपोआप बंद.

पुसा, लिहा, पडताळा. पडताळणी फसली तर क्लिप न काढता पुन्हा लिहा, लॅपटॉपला वीज देऊ नका. लिहून झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी वेग जुळवून घेणं, नव्याने होतं. डीडीआर५ असेल तर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, तेवढ्यात घाबरून बटण दाबू नका. नंतर बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलपाने) ४८ अंकी की मागितली तर ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते, बहुतेकदा.

बोर्ड साडेतीन तारे, सोबतची क्लिप शून्य. आणि घेण्याआधी झाकण उघडून आयसी बघा. पाय बाहेर आलेले नसून कडेला नुसते चपटे पट्टे दिसले तर तो डब्ल्यूसन पॅकेजचा. त्यावर पोमोनाही बसत नाही.