क्रेडिट रिपोर्ट आणि विम्याच्या नोंदी वर्षभर तपासल्या, त्याचा अनुभव

क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद, उघडला की सगळ्यांची नजर आधी ३०० ते ९०० मधल्या त्या स्कोअरवर जाते. आपल्या पॅनवर दुसऱ्याच कुणी कर्ज काढलंय का, हे शोधायचं असेल तर स्कोअर सगळ्यात शेवटी बघा. आधी पत्ते आणि मोबाइल नंबर बघा. घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट वर्षभर काढून झाल्यावर माझं हे पक्कं मत झालंय.

हा रिपोर्ट देणाऱ्या आपल्याकडे चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०१७ पासून प्रत्येकीला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. आम्ही चारही एकदम काढत नाही, दर तीन महिन्यांनी एक काढतो. वर्षभर पाळत राहते आणि खर्च शून्य. या वेबसाइटवर पैसे भरायच्या योजनांची बटणं मोठी असतात, फुकटची लिंक शोधावी लागते. पण असते, नक्की असते.

माझे सासरे एसटीतून निवृत्त झाले. आयुष्यात कर्ज एकच, पतसंस्थेचं, तेही कधीच फिटलेलं. त्यामुळे त्यांच्या रिपोर्टात काय असणार, असं घरात सगळेच म्हणत होते. रिपोर्टात सांगलीच्या पत्त्याखाली परराज्यातला एक पत्ता निघाला. त्याला जोडलेला मोबाइल नंबर घरात कुणाचाच नव्हता. खाली एका फायनान्स कंपनीचं वस्तू खरेदीचं कर्ज होतं आणि हप्त्यांच्या चौकटीत महिन्यागणिक आकडे चढत गेलेले: ०००, मग ०३०, ०६०, ०९०. हप्ता किती दिवस थकलाय त्याचे हे आकडे. वसुलीचा एकही फोन आमच्याकडे आला नव्हता, कारण फोन त्या दुसऱ्या नंबरावर जात होते. ज्याच्या नावावर कर्ज, त्याला पत्ता लागू नये अशीच ही सगळी मांडणी असते.

असे चोर बहुतेक वेळा मोठ्या रकमेच्या मागे लागत नाहीत. अभिनेता राजकुमार राव याने एप्रिल २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की त्याच्या पॅनवर कुणीतरी २,५०० रुपयांचं कर्ज काढलं. छोट्या कर्जाची छाननी कमी, म्हणून छोट्या आकड्यांवरून नजर घसरू देऊ नका.

तक्रार ऑनलाइन करता येते. त्या खात्यावर बोट ठेवून ‘हे खातं माझं नाही’ असं नोंदवायचं. मात्र क्रेडिट कंपनी आपल्या मनाने काही खोडत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारते. त्याच्यासाठी २१ दिवस आणि एकूण निकालासाठी ३० दिवसांची मुदत आहे. ती उलटली तर रोजचे १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आम्हाला मुदतीत उत्तर आलं: ‘नोंद बरोबर आहे.’ इथेच बहुतेक लोक हात टेकतात. टेकू नका.

आम्ही फायनान्स कंपनीच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, पत्र लिहिलं आणि कर्जाच्या अर्जाची, केवायसीची आणि दुकानाच्या बिलाची प्रत मागितली. सोबत सायबर क्राइम पोर्टलवर केलेल्या तक्रारीची पोच जोडली. बऱ्याच पाठपुराव्यानंतर प्रती आल्या. पॅनवरचं नाव सासऱ्यांचं, जन्मतारीख त्यांची, पॅन नंबर त्यांचा, आणि फोटो तिशीतल्या एका अनोळखी मुलाचा. शेजारी खरं पॅन ठेवून दोन्हींची प्रत पाठवल्यावर नोंद निघाली. या कर्जाशी सासऱ्यांचा संबंध नाही, असं लेटरहेडवर लिहूनही घेतलं. ते पत्र फार कामाचं आहे, कारण एका रिपोर्टातून निघालेली नोंद दुसऱ्यात आणखी काही काळ तशीच होती. कुणी दादच दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट कंपन्याही त्यांच्या कक्षेत आहेत.

विम्याचं काम याहून अवघड गेलं. कर्जाचा जसा एक रिपोर्ट मिळतो, तसा विम्याचा मिळत नाही. ई-विमा खातं फुकट उघडता येतं आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी तिथे एकत्र दिसतात, ही सोय खरंच चांगली आहे. पण जुन्या कागदी पॉलिसींसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि जी पॉलिसी खात्याला जोडलेलीच नाही ती दिसणार कशी? म्हणून मी आरोग्य विम्याच्या पोर्टलवर जाऊन प्रत्येक वर्षाची क्लेमची यादी उघडली आणि विमा रकमेतली शिल्लक ताडून पाहिली. आपण ज्या दवाखान्याची पायरी चढलो नाही त्याचं नाव तिथे असेल, किंवा क्लेम न करता शिल्लक घटली असेल, तर त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा. तिथे दाद लागली नाही तर विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आहे.

आमच्या क्लेममध्ये गडबड सापडली नाही. सापडलं ते वेगळंच, आणि मला ते कर्जाइतकंच गंभीर वाटतं. दोन जुन्या पॉलिसींवर मोबाइल नंबर एजंटचा होता, ईमेलही त्याचाच. फॉर्म भरताना सोयीसाठी टाकलेला, नंतर कुणी बदलला नाही. म्हणजे ओटीपी, क्लेमचे मेसेज, पॉलिसीवर कर्ज काढल्याची सूचना, सगळं इतकी वर्षं दुसऱ्याच्या खिशात वाजत होतं. एजंट सज्जन आहे की नाही हा प्रश्नच नाही. आम्ही शाखेत जाऊन दोन्ही पॉलिसींवर नंबर बदलून घेतले.

जोडीला थोडी कामं आहेत, फार वेळ लागत नाही. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. जीएसटीच्या पोर्टलवर पॅन टाकून शोधलं की त्या पॅनवर कुणी धंद्याची नोंदणी केली असेल तर कळतं. आयकराच्या पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण म्हणजे एआयएस उघडा. अनोळखी व्यवहार दिसला तर तो आपला नाही असं तिथेच नोंदवता येतं. सासऱ्यांच्या आधारचं बायोमेट्रिक आम्ही लॉक करून ठेवलंय, लागेल तेव्हा तात्पुरतं उघडतो.

महिन्याचे पैसे भरून अलर्ट घ्यावेत का, असं नणंदेने विचारलं. मी नको म्हटलं. आपला रिपोर्ट कुणी मागवला की एसएमएस किंवा ईमेलने कळवणं क्रेडिट कंपन्यांना आता बंधनकारकच आहे, फक्त त्यांच्याकडे आपला चालू नंबर हवा. तिने आधी बँकेत लग्नाआधीचा नंबर आहे तो बदलावा, आणि मग या तिमाहीचा रिपोर्ट काढावा.