दाढीचा पाचपट आरसा : साडेतीन महिने वापरला, मग पडदा जळला

आरसा तुम्ही पाहिलेलाच असेल, सात इंची, स्टँडवर फिरणारा, एक बाजू सपाट नि दुसरी अंतर्वक्र, म्हणजे आत खोलगट. दिवाळीआधी मेन रोडवर ६५० रुपयांना घेतला. आज लिहायला बसलो कारण संक्रांतीच्या आदल्या दिवशी अकराच्या सुमारास हिला जळकट वास आला, वाटलं दूध उतू गेलं, बघते तर खिडकीच्या पडद्याला बोटभर लांब काळी रेघ आणि धूर!

आमची खिडकी दक्षिणेची. दिवाळीत ऊन टेबलापर्यंत येत नव्हतं, डिसेंबर-जानेवारीत सूर्य खाली उतरतो आणि ते सरळ आत येतं, आणि आरसा मी तसाच खिडकीकडे तोंड करून ठेवलेला. सूर्याचे किरण समांतर येतात, अंतर्वक्र आरसा ते सगळे समोरच्या एका बिंदूपाशी, म्हणजे नाभीपाशी, गोळा करतो. माझ्या आरशाचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून नाभीपर्यंतचं, ४० सेंटीमीटर, तिथे सूर्याची प्रतिमा जेमतेम ४ मिलिमीटरची पडते. सात इंचावरचं ऊन एवढ्याशा ठिपक्यात! सूर्य सरकतो तसा ठिपका सरकतो, म्हणून भोक न पडता रेघ पडली. घरात कोणी नसतं तर काय झालं असतं ह्या विचाराने मला दोन रात्री झोप नाही.

हे ४० सेंटीमीटर मी स्वतः मोजलंय, नोव्हेंबरातच. कारण खोक्यावर छापलंय '५ पट' आणि मला काही पाचपट दिसेना, पैसे फुकट गेले असं वाटत होतं. समोरच्या बिल्डिंगची प्रतिमा पांढऱ्या कागदावर घेतली, स्पष्ट आणि उलटी, तिथून आरशापर्यंत पट्टी लावली. मग नववीचं सूत्र काढून बसलो. चेहरा २० सेंटीमीटरवर असेल तर दोनच पट, पाचपट व्हायला बरोब्बर ३२ वर पाहिजे, ४० च्या आसपास नुसता धूसर पसारा, आणि दोन मीटर मागे गेलं की चेहरा उलटा नि लहान. बरं ३२ वर पाचपट झाली तरी प्रतिमा आरशामागे १६० सेंटीमीटरवर, म्हणजे डोळ्यापासून १९२. साध्या आरशात ती ६४ वर असते. पाचपट मोठी पण तिप्पट लांब, डोळ्याला भासते पावणेदोन पटीच्याही आतच. तेव्हा मी परत करायलाच निघालो होतो.

पण नंतर मत बदललं आणि ते मनापासून सांगतो. मला चाळिशी लागलीय, चष्म्याशिवाय दोन फुटांच्या आतलं नीट दिसत नाही आणि चष्मा लावून दाढी करता येत नाही. ह्या आरशात २५ सेंटीमीटरवर चेहरा धरला की प्रतिमा पडते डोळ्यापासून ९२ सेंटीमीटरवर, एकेक केस स्वच्छ! म्हणजे मघाशी ज्या 'लांब'वर मी चिडलो होतो तेच माझ्या कामाचं निघालं. हनुवटीखालचे राहून जाणारे केस तीन वर्षांत पहिल्यांदा गेले. चाळिशीवाल्यांनी जरूर घ्या.

राग आहे तो खोक्यावर. एवढं मोठं ५ छापता, मग नाभीय अंतर ४० सेंमी आणि 'उन्हात ठेवू नये' ह्या दोन ओळी छापायला काय जातं? पडदा ९०० चा होता, आरशापेक्षा महाग. दुकानात जळका तुकडा घेऊन गेलो तर म्हणे, काका, आरशाने कधी आग लागते का? मी त्याला दुकानाबाहेर उन्हात नेऊन कागदावर दाखवलं, धूर निघाला तेव्हा गप्प बसला, पण पैसे काही दिले नाहीत.

आता दाढी झाली की आरसा कपाटात. नुसता फिरवून सपाट बाजू पुढे करू नका, वक्र बाजू मागून उघडीच राहते. शेजारच्या काकूंकडे असाच एक खिडकीत आहे, त्यांची खिडकी पूर्वेची, काल जाऊन स्वतः उचलून आत ठेवून आलो.